सांबऱ्याची धावपट्टी, निपाणीची वखार

निपाणी म्हटले की बडोदे-इंदूरकडील आमच्या आप्तांना तंबाखूवाचून दुसरे काही आठवत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. या गावाची पहिली ओळख डोळ्यांना होत नसून नाकाला होते. बिडी, जर्दा आणि तपकीर या तिन्ही व्यसनांची तरतूद करणाऱ्या वखारी येथे पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. दगडी भिंती, उंच कौलारू छप्पर आणि भरलेली बैलगाडी सहज आत जाईल एवढे दार. व्यापार पूर्वीसारखा राहिला नाही, तेव्हा त्यांतल्या कित्येक आता रिकाम्या पडल्या आहेत; परंतु रिकाम्या वखारीतही पाऊल टाकताच शिंक येते ती येतेच. आमच्या धाकट्या बंधूंच्या वाट्याला आलेली वखार अशांपैकीच एक. तिच्यात हल्ली रोज रात्री विमान उतरते असे आम्ही लिहिले, तर वाचक म्हणतील की हेडमास्तरांना ऊन लागले. म्हणून हकीकत पहिल्यापासून सांगतो.

आमचा पुतण्या ओंकार देवचंद महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकला. हे महाविद्यालय निपाणीचे म्हणून ओळखले जात असले तरी ते उभे आहे अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात. मुले सकाळी कर्नाटकातून निघून महाराष्ट्रात शिकतात आणि दुपारच्या भाकरीला कर्नाटकात परततात. त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही, आणि आम्हालाही आता वाटेनासे झाले आहे. ओंकारला लहानपणापासून वैमानिक व्हावयाचे होते. वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांत दडवलेले आकडे त्याला वाचता आले नाहीत, आणि ते प्रकरण तेथेच संपले. तांबडा व हिरवा यांतला भेद त्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही. घरात इतकी वर्षे ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नव्हती. आंबा पिकला की कच्चा आहे हे तो वास घेऊन सांगे, आणि आम्ही सारे त्याच्या नाकाचे कौतुक करीत असू.

आता तो संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. दुकान बंद झाले की वखारीत जातो आणि मध्यरात्रीपर्यंत बाहेर येत नाही. २०२५ सालच्या जुलैत बंधू आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि बराच वेळ छत्री चाळवीत बसून म्हणाले, "अण्णा, वखारीला गिऱ्हाईक आलंय. भाव चांगला देतोय. पण हा पोरगा हलायला तयार नाही. तुमचं तो ऐकतो. तुम्हीच समजवा त्याला."

थोरलेपणाची हीच एक अडचण असते. आम्ही होकार दिला.

वखारीच्या एका कोपऱ्यात ओंकारने जुन्या फळ्यांची खोली केली होती. आत मोटारीची एक जुनी बैठक, तिच्यापुढे संगणकाचा पडदा, हाताशी एक दांडा, पायाशी दोन पावट्या. विमान दांड्याने कलते आणि पावट्यांनी त्याचे नाक डावी-उजवीकडे वळते, एवढे त्याने आम्हाला प्रथम समजावून दिले. या सरंजामाला इंग्रजीत सिम्युलेटर म्हणतात. मराठीचे पदव्युत्तर शिक्षण व्यर्थ जाऊ नये म्हणून आम्ही तेथल्या तेथे 'उड्डाणाभासयंत्र' असा शब्द घडवून दिला. ओंकारने तो आदरपूर्वक ऐकून घेतला व पुन्हा सिम्युलेटर असेच म्हणाला. आम्हीही पुढे तेच म्हणतो.

या यंत्राची वंशावळ ऐकून मात्र आम्ही थोडे नरमलो. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा गृहस्थ होता. वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि यांत्रिक पियानो यांचा. १९२९ साली या लिंकने ऑर्गनच्या भात्यांवर एक लाकडी विमान बसवले. आत बसलेल्याने दांडा हलवला की भाते फुगत किंवा बसत, आणि विमान त्याप्रमाणे कलत असे. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिकांनी आपले आरंभीचे धडे या डब्यात गिरवले. आमच्या शाळेच्या पेटीचा भाता दोन वर्षांपूर्वी फाटला आणि तेव्हापासून प्रार्थनेचा सूर कोठे उतरतो हे आम्ही रोज ऐकतो, म्हणून भात्याचे महत्त्व आम्हास निराळे सांगावे लागले नाही. पुढे १९८२ साली मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकासाठी असाच खेळ काढला. त्यात पुष्कळ वर्षे शिकागोच्या मीग्ज फील्ड या छोट्या विमानतळावरून उड्डाणाचा आरंभ होत असे. तो खरा विमानतळ २००३ साली उखडून टाकण्यात आला. खेळातला मात्र हौशी लोकांनी जपून ठेवला. २०२० सालच्या आवृत्तीत आकाशातून घेतलेली साऱ्या पृथ्वीची छायाचित्रे जोडली गेली, आणि निपाणीच्या मुलाला आपले गाव, आपला घाट आणि आपला सांबरा घरबसल्या वरून दिसू लागला.

सांबरा हे बेळगावच्या पूर्वेस दहा-अकरा किलोमीटरवरचे गाव. तेथला विमानतळ १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त करण्याच्या मोहिमेत भारतीय हवाई दलाची हंटर विमाने येथूनच उडाली होती. हवाई दलात भरती झालेल्या तरुणांचे प्रशिक्षणही येथे चालते. नागरी वाहतुकीसाठी धावपट्टी वाढवून २३०० मीटर करण्यात आली, आणि नव्या इमारतीचे उद्‌घाटन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले. ओंकारच्या पडद्यावर या विमानतळाची जी चार अक्षरी खूण उमटते, ती जुन्या याद्यांत व्ही-ए-बी-एम अशी होती, आता व्ही-ओ-बी-एम अशी आहे. 'ए' हा मुंबईकडच्या पश्चिम विभागाचा, 'ओ' दक्षिणेचा. "म्हणजे आभाळातही खातेबदल झाला म्हणायचा," एवढेच आम्ही बोललो. या मासिकाच्या वाचकांस त्यावर अधिक सांगावयास नको.

ओंकारने आम्हाला शेजारी स्टुलावर बसवले आणि विमान उतरवून दाखवले. पडद्यावर निरभ्र आकाश, खाली तपकिरी शेते, समोर करड्या रंगाची रेघ. ती रेघ रुंदावत गेली, विमान तिच्यावर बराच वेळ तरंगले आणि केव्हा टेकले ते कळलेच नाही. कोपऱ्यात आकडा उमटला: मिनिटाला ६० फूट. जमिनीला स्पर्श होताना विमान ज्या वेगाने खाली येत होते त्याचा हा हिशेब. सिम्युलेटरवाल्यांत हा आकडा जितका लहान तितकी प्रतिष्ठा मोठी, आणि अशा उतरण्याला ते लोण्याची उपमा देतात. आमच्या तोंडाकडे पाहत तो म्हणाला, "कसं वाटलं, काका?"

समजावण्यासाठी आलो होतो. परंतु तोंडून भलतेच निघून गेले. आम्ही म्हणालो, "छान आहे. पण हे सांबरा नव्हे."

आमचे आजोळ सांबऱ्याचे. मे महिन्याच्या सुट्या आणि गणपतीचे दिवस आम्ही त्या गावी काढले आहेत. आषाढात सांबऱ्याला आभाळ दिसत नाही. पश्चिमेचा वारा उघड्या माळावरून असा येतो की छत्री उलटी होते. शेते हिरवी असतात, तपकिरी नव्हे. चौकशी करता कळले की वरून घेतलेली ती छायाचित्रे बहुधा उन्हाळ्यातली असावीत, आणि वारा ओंकारने मुद्दामच शून्यावर ठेवला होता. वारा असला की आकडा बिघडतो! विद्यार्थ्याने चांगले गुण पडावेत म्हणून स्वतःच सोपी प्रश्नपत्रिका काढावी, तसला हा प्रकार. आम्ही तसे बोलून दाखवले. तो थोडा ओशाळला, मग म्हणाला, "खरं आहे. आकडा चांगला येतो, पण उतरल्यासारखं वाटत नाही. वर्षभर हेच चाललंय. काय कमी पडतंय ते समजत नाही."

वखारीची गोष्ट आम्ही काढलीच नाही. पुढच्या रविवारी सांबऱ्याला जाऊन खरे विमान उतरताना पाहावे, असे ठरले.

निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. गाव सोडताच स्तवनिधीचे जैन तीर्थ लागते आणि तवंदी घाट चढला की पठार सुरू होते. संकेश्वर मागे पडले की डोंगरावरचा वल्लभगड काही वेळ सोबत करतो, मग हिडकल धरणाचा फाटा, हत्तरगीचा टोलनाका, राणी चन्नम्मांचे माहेर असलेले काकती, आणि किल्ल्याच्या तलावापाशी बेळगाव. बसमध्ये ओंकार आम्हाला उतरण्याचे गणित सांगत होता. विमान सामान्यतः तीन अंशांच्या उताराने खाली येते; म्हणजे सुमारे १९ मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर खाली. धावपट्टीपासून पाच सागरी मैलांवर असताना ते तिच्याहून सुमारे १६०० फूट उंच असावयास हवे. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ २५०० फूट उंचीवर असल्यामुळे उंचीदर्शकाचा काटा तेव्हा ४१०० दाखवतो, आणि चाके जमिनीला लागली तरी तो २५०० वरच उभा असतो! आम्ही दोनदा विचारून खात्री करून घेतली.

या उंचीचा आणखी एक परिणाम आमच्या कधी ध्यानात आला नसता. येथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा विरळ. विमानाचा वेगदर्शक हवेचा दाब मोजतो, त्यामुळे दाबोळीला आणि सांबऱ्याला त्याचा काटा एकच आकडा दाखवीत असला, तरी सांबऱ्याला विमान प्रत्यक्षात अधिक वेगाने धावत असते. उन्हाळ्याच्या दुपारी सांबऱ्याला काट्यावरचा वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक साताठ टक्क्यांपर्यंत जातो. जमीन अधिक वेगाने अंगावर येते, आणि थांबावयास धावपट्टीही अधिक लागते. समोरचा वारा त्यातला काही भाग परत फेडतो. म्हणजे वारा शून्यावर ठेवणाऱ्याने सांबऱ्याचा उपकारच नाकारला म्हणावयाचा!

बेळगावात कुंदा घेतल्याखेरीज मामींच्या घरी जाता येत नाही. आमच्या मामी ऐंशीच्या घरातल्या. शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी अधूच राहिली आहे. माणूस आवाजावरून ओळखतात. ओटीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "कशाला आलाय गा पावसातनं?" विमान बघावयास, असे सांगताच हसल्या. "बघायचं काय त्यात? मी रोज ऐकते की."

त्यांनी मग जे सांगितले ते ओंकारने वहीत उतरवून घेतले. पावसाळ्यात विमान उगवतीकडून येते. आधी बारीक घरघर, मग मध्येच ती नाहीशी झाल्यासारखी होते, आणि नेमके तेव्हाच ते जवळ आलेले असते. मग एक धप्प, त्यावर मोठी गर्जना, आणि शेवटी गावातली सगळी कुत्री भुंकू लागतात. ओंकारने कुत्र्यांचा मजकूर लिहिला नाही. आम्ही पाहत होतो.

लष्करी हद्द जवळ असल्याने आम्ही छायाचित्रण वगैरे भानगडीत पडलो नाही. गावाबाहेरच्या एका उंच बांधावर, एका छत्रीत दोघे, हातात केवळ एक वही, असे उभे राहिलो. विमान येण्याच्या वेळेस पाऊस बारीक झाला होता, पण ढग खालीच होते. अकस्मात पूर्वेला दोन दिवे दिसले. विमान दिसले ते त्यानंतर. एटीआर ७२ जातीचे, दोन पंख्यांचे, सत्तरएक माणसे नेणारे. आणि ते सरळ येत नव्हते! त्याचे नाक डावीकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडे वळलेले होते, आणि तरीही ते धावपट्टीच्या रेषेतच सरकत होते. कृष्णेच्या पुरात नावाडी नाव पलीकडच्या घाटावर न्यावयाची असता तिचे तोंड प्रवाहाकडे वळवून धरतो, तसे. वारा नैर्ऋत्येचा होता, म्हणून त्याने नाक त्या अंगाला दिले होते. जमीन अगदी जवळ आल्यावर त्याने नाक झटकन रेषेत आणले, डावा पंख किंचित खाली केला, आणि प्रथम डावे चाक टेकले, मग उजवे. पाण्याचा फवारा दोन्ही बाजूंना उडाला. उतरणे मुळीच अलगद नव्हते. बांधावर आम्हाला काही ऐकू आले नसेलही, पण ते आदळणे आमच्या दाढांना जाणवले असे वाटले. लगेच पंख्यांची गर्जना, आणि मागून गावातली कुत्री.

दिवे दिसल्यापासून चाक टेकेपर्यंत ओंकारच्या घड्याळात ५५ सेकंद झाले होते.

"जोरात आपटलं की रे," आम्ही म्हणालो. ओंकारने मान हलवली. म्हणाला, "तसंच पाहिजे, काका. ओल्या धावपट्टीवर ठामच टेकवतात." चाक हळुवार टेकले तर त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये पाण्याचा पातळ थर राहतो, चाक त्यावरून घसरत जाते आणि ब्रेक लागत नाहीत. ठाम टेकले की तो थर फुटतो. शिवाय अलगद उतरण्याच्या नादात विमान तरंगत पुढे जाते. जमिनीपासून साधारण एका पंखविस्ताराइतक्या उंचीत आले की पंखाखालची हवा त्याला काहीसे तोलून धरते. तळ्यावर पाण्यालगत पंख न हलवता जाणारे पक्षी वाचकांनी पाहिले असतील, तोच प्रकार. जो हे तरंगणे लांबवतो तो धावपट्टी खर्चत असतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात, पाठीमागून वारा असताना, एक विमान २७०० मीटरच्या धावपट्टीवर सुमारे १३५० मीटर पुढे जाऊन टेकले. डोंगरमाथ्यावरची ती धावपट्टी संपल्यावर ते खाली कोसळले आणि २१ माणसे गेली. ओंकारने हे सांगितले तेव्हा आम्हाला त्याचा तो साठाचा आकडा आठवला. त्यालाही आठवला असावा. कारण तो पुढे काही बोलला नाही.

काही तरी विचारावयाचे म्हणून आम्ही विचारले, "उंची बरोबर आहे की नाही हे दिव्यांवरून कळतं ना रे? ती चार दिव्यांची ओळ असते म्हणालास."

धावपट्टीच्या कडेला असे चार दिवे असतात. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर विमान योग्य उतारावर आहे. पांढरे वाढले तर फार वर, तांबडे वाढले तर फार खाली. ओंकार बराच वेळ वही मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "मला तांबडे दिवे नुसते मंद दिसतात, काका. मंद आहे म्हणजे तांबडा असेल, असं मी धरतो. पडद्यावर जमतं. पण रात्र असली, पाऊस असला, की सगळेच मंद होतात. मग मला काही सांगता येत नाही." आणि थोडे थांबून, "त्या विमानात मागं सत्तर माणसं बसली होती. त्या डॉक्टरांनी बरोबरच केलं. मी घरात कधी बोललो नाही, पण बरोबरच केलं."

आम्ही पस्तीस वर्षे मुलांना नापास-पास करीत आलो. नापास झालेल्या मुलाने परीक्षकाचा निर्णय असा पाठीशी घातलेला आम्ही पाहिला नव्हता. काय बोलावे ते सुचले नाही, म्हणून छत्री त्याच्या अंगावर अधिक धरली.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर. संकेश्वर सोडले तोवर अंधारले. पाऊस वाढला, काचा धुरकटल्या, बाहेरचे काही दिसेना. तवंदी घाट उतरू लागताच ओंकारने एकाएकी आमचा हात धरला. "काका, डोळे मिटा. आणि काय चाललंय ते सांगा."

हा पोरखेळ आमच्या वयाला शोभणारा नव्हता, परंतु आम्ही डोळे मिटले. आणि आश्चर्य असे की सारे समजत होते. पाठ बाकापासून सुटली: उतार लागला. इंजिनाचा स्वर खाली आला: चालकाने गिअर बदलला. पोटातले पाणी उजवीकडे सरकल्यासारखे झाले: बस डावीकडे वळली. तळपायांना बारीक थरथर: ब्रेक. कानांत किंचित दडे. मग बाकाने पाठीला पुन्हा टेका दिला, आणि आम्ही सांगून टाकले की घाट संपला. डोळे उघडले तो निपाणीचे दिवे दिसले.

"बघा," ओंकार म्हणाला, "तुम्हाला बस उतरलेली कळली. मला विमान उतरलेलं कळतच नाही. मी नुसतं बघतोय."

मोठ्या विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी सहा पायांवर हलणाऱ्या खोल्या असतात, हे त्याने आम्हाला नंतर सांगितले. त्या खोल्यांतही वैमानिकाला खरोखर पुढे ढकलत नाहीत. वेग वाढल्याचा भास द्यावयाचा तर खोली हळूच मागे कलवतात, आणि पाठीवर आलेला स्वतःचाच भार त्याला वेग वाटतो. अशा एका यंत्राची किंमत ऐकल्यावर आमच्या तालुक्यातल्या किती शाळांची गळकी छपरे तेवढ्यात दुरुस्त होतील याचा आम्ही हिशेब मांडला. तो येथे देत नाही. ओंकारला तसले काही परवडणारे नव्हते. त्याने पुढचे दोन महिने जे केले ते असे.

पहिली दुरुस्ती डोळ्यांची. त्याचा पडदा साठ सेंटिमीटर रुंद, आणि डोळ्यांपासून सत्तर सेंटिमीटरवर; म्हणजे त्याने डोळ्यांपुढे सुमारे ४६ अंश व्यापले जातात. आणि ओंकारने त्या चौकटीत ९० अंशांचा देखावा कोंबला होता! त्यामुळे धावपट्टी होती त्याहून लहान आणि दूर दिसे. नाक वर केव्हा उचलावयाचे याचा अंदाज वर्षभर का चुकत होता, याचे एक कारण येथे सापडले. दुकानात दुरुस्तीनंतर कोणी परत न नेलेले दोन पडदे त्याने मालकांना विचारून विकत घेतले आणि दोन्ही बाजूंना कलते बसवले. उतरताना वैमानिक चाकांखाली पाहत नाही. तो धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे पाहतो, आणि जमीन किती वर आली हे त्याला डोळ्यांच्या कडांतून कळते. एका पडद्याला कडाच नव्हत्या.

दुसरी बैठकीची. मऊ गादी काढून टाकली. लाकडी फळीखाली एका जुन्या ध्वनिवर्धकाचा मोठा कर्णा उलटा बसवला, जेणेकरून इंजिनाचे आणि चाकांचे खर्जातले आवाज कानांऐवजी माकडहाडाला ऐकू यावेत. दांड्याची स्प्रिंग कडक केली. खऱ्या विमानात वेग असतो तोवर दांडा जड लागतो, याचा दांडा सदासर्वदा लोण्यासारखा होता. चित्राची अतिशोभा कमी केली, झाडांची पाने वगैरे, कारण दांडा हलवल्यापासून चित्र हलेपर्यंत क्षणाचा काही भाग वाया गेला तरी हात अधिक हलतो आणि विमानाचे नाक वर-खाली डोलू लागते. आणि वारा शून्यावर ठेवणे त्याने सोडले. कोपऱ्यातल्या त्या आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवली.

पहिले पंधरा दिवस तो रोज आपटला. दोनदा धावपट्टीच्या बाहेर चिखलात गेला. एकदा, त्याने स्वतःच सांगितले, जमत नाही असे पाहून विमान पुन्हा वर उचलले आणि फेरी मारून परत आला. आणि त्या रात्री त्याला जितका आनंद झाला तितका लोण्याच्या उतरण्यांत कधी झाला नव्हता. बंधूंना आम्ही दिवाळीपर्यंत थांबा असे सांगितले. त्यांनी कारण विचारले. आम्हाला धड सांगता आले नाही. गिऱ्हाईक अद्याप थांबले आहे.

दसऱ्याला मामींना आम्ही निपाणीला आणले. सोने दिल्याघेतल्यावर ओंकार म्हणाला, "आजी, वखारीत चला." त्यांना बैठकीशेजारी खुर्चीवर बसवले. पडद्यांवर त्यांना प्रकाशापलीकडे काही दिसत नव्हते. त्यांनी तपकिरीच्या वासाने दोन शिंका दिल्या आणि हात मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या. बंधूही दाराशी येऊन उभे होते.

ओंकारने आषाढातला पाऊस लावला, नैर्ऋत्येचा वारा लावला. सुरुवातीला बारीक घरघर होती. मग ती कमी झाली. मामींची बोटे थांबली. "आलं जवळ," त्या हळूच म्हणाल्या. विमानाचे नाक डावीकडे होते. ढगांतून रेघ निघाली, डाव्या-उजव्या पडद्यांवरून ओली जमीन वर येऊ लागली. शेवटच्या क्षणी ओंकारने पावटी दाबून नाक सरळ केले, आणि फळीखालून असा धप्प आवाज आला की दाराशी बंधूंनी चौकट धरली. मागोमाग पंख्यांची गर्जना झाली. मग सारे शांत झाले.

मामी आणखी काही वेळ कान देऊन बसल्या.

"उतरलं खरं," त्या म्हणाल्या. "पण कुत्री कुठं हाईत गा?"

ओंकारने वही काढली.